तात्यांचं बर्मी माणिक

माणकाच्या बाबतीत देवासची जयवंती मुजुमदार कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सराफ दगड पाठवतात आणि ती भिंगाखाली धरून खरा-खोटा तर सांगतेच, वर कुठल्या खाणीतला तेही सांगते. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणी तर तिला न जाताच तोंडपाठ. कारण तिचे वडील, तात्या, त्या खाणींत सात वर्षं राबून आले होते.

निदान ते तसं सांगायचे. जयवंती पाच वर्षांची असताना त्यांनी धारचं घर सोडलं. तिकडून पत्र येत नाही, सुटताही येत नाही, असं त्यांनी परतल्यावर सांगितलं. मधल्या काळात तिचा धाकटा भाऊ चिंटू टायफॉइडनं गेला. बापाला कळवायचं तरी कुठं? येताना त्यांनी एकच माणिक आणलं. ते जयवंतीच्या आईच्या, माईच्या अंगठीत बसलं आणि पुन्हा निघालं नाही. जयवंती शिकून तरबेज झाली, तरी माईचं एकच पालुपद, "त्यांनी घातलंय, काढायचं नाही." तात्या वारल्यावरही तेच.

यंदा चैत्रात माईचं बोट सुजलं, सोनारानं अंगठी कापली आणि दगड एकदाचा जयवंतीच्या हाती आला.

मोगोकचं माणिक अतिनील दिव्याखाली निखाऱ्यासारखं पेटतं. हे पेटेचना. तिनं दगड धुतला, दिवा बदलला, पुन्हा पाहिलं. जांभळट, गढूळ, लोहाचा अंश भरपूर. असे शेकड्यानं पाहिले होते तिनं. म्हैसूरकडचा माल! म्हणजे धारपासून दोन दिवसांचा प्रवास. एक तार गेली असती, तर बापाला पोराचं तोंड तरी दिसलं असतं.

जयवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐंशी ओलांडलेल्या माईला हे सांगावं की गिळून टाकावं, यात तिचे आठ दिवस गेले. शेवटी राहवेना, म्हणून तिनं धारची बस धरली. माई गहू निवडत होती.

"माई, तात्या बर्माला गेलेच नव्हते."

"ठाऊक आहे," माई म्हणाली. "आले त्याच महिन्यात कळलं. झोपेत कानडी बोलायचे. माझं आजोळ धारवाडचं, मला कळणार नाही होय? विचारलं तर ढसाढसा रडले. काम मिळेना, कोणत्या तोंडानं परत येऊ, म्हणाले."

"आणि मी? मला का नाही सांगितलंस?"

"चिंटू गेलेला. म्हटलं, तुझा बाप तरी तुला राहू दे. अन् बाई, ब्रह्मदेशाचा नकाशा घेऊन बसायचीस तेव्हा किती खूश दिसायचीस!"

तो नकाशा जयवंतीला लख्ख आठवला. तात्या परतल्यानंतर शाळेच्या परीक्षेआधी तो पुढ्यात पसरून माईच विचारायची, मोगोक कुठे, तात्या कुठल्या नदीकाठानं गेले. बरोबर सांगितलं की पाठीवर थाप. बापाचा राग आठ दिवसांत निम्मा जिरला होता. हा नवा राग कुठे ठेवावा, ते तिला कळेना. इतकं फसवल्यासारखं तिला तात्यांच्या खोट्यानंसुद्धा वाटलं नव्हतं.

"तात्या लाजेपायी खोटं बोलले, माई," ती म्हणाली. "तू तर ते माझ्याकडून पाठ करून घेतलंस."