न आलेली आग

आमच्या आळीत काशीबाईंच्या घराची जागा मोकळी पडली होती. येणारेजाणारे तिच्यातून तिरपे जात. पेद्रू मुकादम मात्र कडेने वळसा घालून जाई. मी एकदा म्हटलं, "मधून या की." तो म्हणाला, "बाईच्या घरातून कसा जाऊ, अण्णा?"

पेद्रू कोपरीचा, ख्रिस्ती. ठाण्याच्या म्युनिसिपालिटीच्या आगीच्या बंबावरचा मुकादम. आमची घरं गवताने शाकारलेली, एकमेकांना टेकलेली. हातबंबाचं पाणी तिथे पुरत नसे. म्हणून आगीच्या वाटेतलं एक घर दोरखंडांनी ओढून पाडायचं आणि त्यामागची वाचवायची, अशी रीत. कोणतं घर, ते पेद्रू वारा पाहून ठरवी. घरमालक चिडला की म्हणे, "शिव्या मना द्या, पोरांना दोर ओढू द्या."

काशीबाईंचं घर त्याने एका आगीत असंच पाडलं. छप्पर खाली आलं आणि वारा फिरला. आग तिकडे गेलीच नाही. बाई विधवा, कल्याणला भावाकडे गेली आणि तिथे वर्षभरात वारली. निघताना पेद्रूला एवढंच म्हणाली, "थोडा थांबला असतास रे."

मी हिशेबी माणूस. त्याला समजावलं की एक घर गेलं, पण मागची अकरा धोक्यात होती. तो म्हणे, "धोक्यात व्हती. जळली नाय."

पुढे आळीच्या दुसऱ्या टोकाला आग लागली. या वेळी पाडायचं घर माझं होतं. बायको मुलांना आणि देवांना घेऊन बाहेर आली. पेद्रूने आढ्याला आकडा लावला, दोर बांधला आणि वाऱ्याकडे पाहत उभा राहिला. शेजारचं घर धुमसू लागलं. गडी म्हणाले, "मुकादम, सांगा ना." तो पुटपुटला, "थोडा थांबा. फिरल."

शेवटी मीच दोर धरला आणि म्हणालो, "ओढा रे." घर खाली बसलं. आग त्या जागेपर्यंत आली आणि अडली. मागची सगळी घरं शाबूत राहिली.

आता तरी याच्या मनातलं जाईल, असं मला वाटलं. पण त्याच आठवड्यात त्याने बंबाचं काम सोडलं आणि कोपरीही सोडली. पुन्हा दिसला नाही. माझं घर पाडलं त्या दिवशी मात्र तो मोडक्या वाशांवर माझ्या शेजारी येऊन बसला होता.

मग म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडं निदान आग आली. तुमाला झोप लागल."