पॅनलबाई आणि चावणारं मेज

बाबांची होडी खडकावर फुटली आणि दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. आई किनाऱ्यावरच्या कारखान्यात कोळंबी सोलायला जाऊ लागली. बारावीनंतर मीही तिच्या शेजारी उभी राहिले. स्टीलचं लांब मेज, टोकाला मोटरवर चालणारं प्रतवारीचं यंत्र आणि वजनकाटा. हात ओले, पाय ओले. मेजाला कोपर टेकलं की झिणझिणी थेट खांद्यापर्यंत. "मेज चावता," बायका म्हणायच्या आणि पायाखाली लाकडी फळ्या घ्यायच्या. आईच्या पायाखाली आमच्याच होडीची फळी होती. कारखान्याच्या शेटना सांगितलं तर म्हणाले, "रबरी चपला घाला."

याच शेटनी वजनकाटा नाचू लागल्यावर मात्र जामसंड्याहून इंजिनिअर बोलावली. बायकांना झटके बसले तर चपला, कोळंबीचं वजन चुकलं तर इंजिनिअर. हे मला आजही पचत नाही.

त्या आल्या, त्या पॅनलबाई. कारखान्यांची कंट्रोल पॅनल बनवायच्या म्हणून सगळे तसंच म्हणत. साडीवर खाकी शर्ट, आणि आवाज असा की चालू कॉम्प्रेसरच्या वर ऐकू यावा. मशीनचं दुखणं त्या मालकाला शेवटी विचारायच्या, मशीनपाशी उभ्या राहणाऱ्याला आधी. शेट काट्याकडे नेत होते, तर त्या आमच्याकडे वळल्या. "खंय चावता गो?"

आईने जागा दाखवली. बाई यंत्रामागे वाकल्या. यंत्रातून गळणारी वीज जमिनीत नेणारी, अर्थिंगची हिरवी तार कापून, टोकाला टेप लावून नीट गुंडाळून ठेवलेली.

"ही कोणी कापल्यान?"

कारखान्याचा वायरमन म्हणाला, "काटो नाचत होतो. ती काढल्यार जरा गप झालो."

काटा गप राहावा म्हणून आमच्या जिवाची तार कापली होती. बाईंनी मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मॅडम, माल खराब होईल," शेट म्हणाले. "आधी काटा बघा. इतकी वर्षं झाली, मेलंय का कोणी?"

"मालार बर्फ घाला. ह्या बायकांवर घालूची पाळी आणू नकात."

आई घाबरली. "बाईनु, आमची हजेरी जातली."

"हजेरी पुरी लागतली. चूक तुमची नाय," असं त्या आईला म्हणाल्या, पण पाहत होत्या शेटकडे.

अंगणातला जांभा फोडून अर्थिंगचा नवा खड्डा झाला, हिरवी तार जागेवर आली. मगच त्यांनी काट्याला हात लावला. काट्याची बारीक तार मोटरच्या जाड केबलला बांधून नेलेली होती, त्यामुळे मोटरच्या विजेचा गोंधळ काट्यात शिरत होता. "सुके बांगडे आणि साखर एका डब्यात ठेवतास?" वायरमन हसला, त्याच्यावर त्या आणखी भडकल्या. काट्याची तार वेगळ्या पाइपातून गेली, तो गोंधळ अडवणाऱ्या तिच्यावरच्या धातूच्या जाळीचं एकच टोक पॅनलमध्ये अर्थिंगला जोडलं. यंत्र सुरू करून त्यांनी आधी मीटर लावला, मग स्वतःचा ओला हात मेजावर ठेवला. "ये गो, आता चावना नाय."

आईने हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. काटाही स्थिर होता. शेट काट्यावर खूश झाले. मेजाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जाताना बाईंनी मला विचारलं, "तू काय शिकतलंस?" घरात कोणी कॉलेजात गेलं नाही, असं मी म्हणाले. "मगे तूच जा. माझो घसो किती दिस पुरतलो?"

गेल्या वर्षी पॅनलबाई वारल्या. "मॅडम, अर्थिंग नंतर बघू" म्हणणारे शेट आता कामावर मलाही जागोजागी भेटतात. माझाही आवाज आता चढतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मी घरातली पहिली पदवीधर, इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर झाले. त्या कारखान्यातली यंत्रं आता मी तपासते. आईने होडीची फळी केव्हाच घरी आणली. बायका साध्या जमिनीवर उभ्या राहून कोळंबी सोलतात.