ऑर्डर परतवणारा आवाज

डहाणूच्या एका चिकू व्यापाऱ्याचा तक्रार अर्ज माझ्या टेबलावर आला, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पोलिसांतल्या नोकरीत खून, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल मी फारसा बोलत नाही. ही गोष्ट मात्र सांगून टाकतो. हिच्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्या हसण्याआड मी माझं एक वागणं आजवर झाकून ठेवलं होतं.

अर्जात लिहिलं होतं, ‘आमच्या ऑफिसला फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांना कोणीतरी माल घेऊ नका असं सांगतं. पुरुषाचा आवाज आहे.’

व्यापाऱ्याने नवीन फोन व्यवस्था घेतली होती. पूर्वी अशा ऑफिसात भिंतीवर एक्स्चेंजचा डबा असायचा. इथे डबा नाही, वायर नाही, सगळं सॉफ्टवेअर. नंबर एकच. रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, ऑर्डरसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. मग ज्याच्या मोबाइलवर ते ॲप चालू असेल त्याच्याकडे फोन वाजतो. संभाषण रेकॉर्ड करायचे पैसे वेगळे, म्हणून ते मालकाने घेतलं नव्हतं.

“फोन कोणी उचलला, ते तर दिसत असेल?” मी विचारलं.

“दिसते ना साहेब. माझंच नाव दिसते. पण मी तर गाडी चालवत होतो.”

“पासवर्ड कोणाला माहीत आहे?”

“ऑफिसातल्या मुलीला. तिनेच सगळं बसवून दिलं.”

झालं. मुलगी तलासरीकडच्या एका पाड्यावरची, नवी लागलेली. पुरुषाचा आवाज म्हणजे तिचा भाऊ असणार, हे मी मनात ठरवूनही टाकलं. दोघांना बोलावणं धाडलं. भाऊ तारापूरला कारखान्यात होता, पाळी बुडवून आला. त्याला बाहेर बसवलं, तिला आत बाकावर. महिला शिपाई हजर होती. नियमात सगळं बरोबर होतं.

मुलगी एकच सांगत राहिली, “साहेब, मी कशाला माझ्याच पोटावर पाय देऊ?”

मी आवाज चढवला. “खरं सांगतेस, की पाड्यावर गाडी पाठवू?”

 पाड्यावर पोलिसांची गाडी गेली की त्या घराचं नाव वर्षानुवर्षं कसं निघतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी ते वाक्य वापरलं.

दुपारी चहा आला. हवालदार सहज म्हणाले, “साहेब, त्या नंबरवर आपण फोन लावून बघितलाय का?”

लावला नव्हता. माणसं बोलावली, दम दिला, पण ज्या नंबरची तक्रार तो फिरवून बघणं राहून गेलं. माझा मोबाइल स्पीकरवर टाकला आणि एक दाबला. मालकालाही ठाण्यात बोलावलं होतं, त्याचा फोन टेबलावरच होता. तो दोनदा वाजला आणि आपोआप थांबला.

“असंच होते साहेब,” मालक म्हणाला. “मला वाटायचं नेटवर्क जाते.”

तेवढ्यात माझ्या मोबाइलमधून आवाज आला, “हां, बोला.” मागे कोंबडा आरवत होता. मुलगी समोर, भाऊ दारात, मालक शेजारी. मग हा कोण?

“वीस खोके चिकू पाहिजेत,” मी गिऱ्हाईक बनून म्हणालो.

“कुठून बोलतोस भाई?”

“नाशिकहून.”

“ह्या आठवड्यात नको घेऊ. पोरगा घाई करते, कच्चा माल भरते. तुझा नंबर दे, झाडावर तयार झाला की मीच सांगेन.”

मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “बापुजी,” तो पुटपुटला.

दिवाळीत त्याने स्वतःचा जुना मोबाइल वडिलांना दिला होता, भजनं ऐकायला. ऑफिसचं ॲप त्यात मालकाच्याच नावाने तसंच चालू राहिलं. मालकाला आणि मुलीला घेऊन आम्ही वाणगावकडच्या वाडीत गेलो तेव्हा म्हातारबाबा खाटेवर मोबाइल उशाशी घेऊन बसले होते.

“धंदा पोराला दिला तेव्हापासून कोणी विचारत नव्हतं,” ते म्हणाले. “आता रोज फोन येतात. मला वाटलं, व्यापाऱ्यांना माझी आठवण आली. साहेब, मी खोटं सांगितलं काय?”

हवालदार तोंड फिरवून हसले. मग मालकही हसला आणि जरा वेळाने मुलगीसुद्धा. अर्ज मागे घेतला गेला. मालकाने वडिलांचा फोन काढून घेतला नाही, उलट त्याच नंबरवर त्यांच्यासाठी वेगळा आकडा ठेवला. मुलीनेच तो आपल्या आवाजात भरला: ‘माल तयार आहे का हे विचारण्यासाठी तीन दाबा.’ ऑर्डरी वाढल्या म्हणे.

ठाण्यात ही हकिगत रंगवून सांगताना मी पाड्यावरच्या गाडीचं वाक्य नेहमी गाळायचो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं: संशयिताला प्रश्न विचारण्याआधी वस्तूला विचारावा. आणि ज्याच्यामागे कोणी उभं राहणार नाही, त्याच्यावरच संशय पटकन बसतो. तो त्याच्या वागण्यामुळे बसत नाही, आपल्या सोयीमुळे बसतो.

स्वेच्छानिवृत्तीनंतर एकदा चिकूसाठी त्या नंबरवर फोन लावला. तीन दाबणार होतो, एक दाबला. त्या मुलीनेच उचलला. मी कोण ते सांगितलं आणि म्हणालो, “त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. माफ करा.”

तिकडून उत्तर आलं,

“साहेब, तुमच्या त्या बाकाचा एक पाय हलतो. बसले तेव्हापासून मला वाटत होतं, आता पडेन. तेवढा नीट करून घ्या. पुढे कोणी बसेल.” मग लगेच, “किती खोके लिहू?”

दुसऱ्या दिवशी मी सुतार घेऊन ठाण्यात गेलो. नवे साहेब चकित झाले. बाक उलटा केला, पाय ठोकून घेतला आणि मग स्वतःच त्यावर बसून चहा प्यालो.