‘भ’ची फट

मंगळवारी दुपारी दादा कारखान्यातल्या टेबलावरून उठला. त्यानंतर तो त्या टेबलावर बसला नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सुरतेजवळ पलसाण्याला कापड छापण्याच्या एका कारखान्यात तो ट्रेसर होता. चित्रकाराने काढलेल्या नक्षीतला एकेक रंग वेगळा करून तो पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने उतरवायचा. त्यावरून छापायचा साचा तयार होई. शाई कुठे विरळ झाली, रेघ कुठे तुटली, तर ती जागा बारीक कुंचल्याने भरून काढायची, कारण फिल्मवर राहिलेली फट कापडाच्या प्रत्येक मीटरवर उमटते. साचे धुण्यापासून सुरुवात करून तो चौदा वर्षांनी या टेबलापर्यंत पोचला होता. त्याची फिल्म कोणी तपासत नसे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी उधन्याला दोन खोल्यांत राहत होतो.

ही नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा सुरतेत छापलेल्या कितीतरी कापडाच्या किनारीवर ‘मेड इन जपान’ असे छापलेले असे. ते खोटे आहे असे कोणाला वाटत नसे. जपान म्हणजे चांगले कापड, एवढाच त्याचा अर्थ होता. आमच्यापैकी कोणी जपान पाहिला नव्हता. त्यांचे रेडिओ पाहिले होते, घड्याळे पाहिली होती.

मग आफ्रिकेतला एक व्यापारी कारखान्याच्या शेठकडे येऊ लागला. त्याचे हिंदी सगळे सिनेमांतून शिकलेले. भाव ठरला की तो छातीवर हात ठेवून “माँ कसम” म्हणायचा. त्याच्या गावातल्या बायका घरी हिंदी सिनेमाची कॅसेट लावायच्या, नटी पडद्यावर आली की चित्र थांबवायच्या आणि शिंप्याला बोलावून तिच्या अंगावरचे कापड दाखवायच्या. “जापान का पिक्चर कौन देखता है, सेठ?” असे तो म्हणाला, आणि दादाने घरी त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. व्यापाऱ्याने शेठसमोर तसल्या एका कॅसेटचे वेष्टन ठेवले होते. त्यावर दोरीला वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेघेला लटकणारी अक्षरे होती. ती त्याला वाचता येत नव्हती. पण तिकडे ती अक्षरे दिसली की माणसे ओळखत, हा त्या गाण्यांच्या देशाचा माल. त्याला किनारीवर तसलीच अक्षरे हवी होती.

शेठनी ते काम दादाला दिले. दादा चौथी शिकलेला. त्याने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

“मास्तर, भारत लिखी दे. जाड अक्षर पाहिजे.”

मी बोरूने लिहिले. तीन अक्षरांना तासभर घेतला. ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते ती जागा मी मुद्दाम छान, नेमकी सोडली. तुटलेली रेघ दिसली की दादाचा हात काय करतो हे मला ठाऊक होते. तरी मी त्याला काही सांगितले नाही. मी माझे अक्षर बघत बसलो होतो.

सोमवारी संध्याकाळी तो छापलेल्या किनारीची एक पट्टी घरी घेऊन आला आणि फळीवर ठेवून झोपला. मंगळवारी सकाळी चहा पिताना मी ती उचलली.

“दादा, हाई मारत व्हयनं.”

वहिनी चुलीकडून हसल्या. “सकायसकाय कोन कोनले मारी ऱ्हायनं, मास्तर?”

दादा हसला नाही. त्याने पट्टी हातात घेतली.

“‘भ’ले वर फट ऱ्हास,” मी म्हणालो. “ती बुजी गई. ‘भ’ना ‘म’ व्हयना.”

“माले वाटनं शाई तुटेल शे. मी भरी टाकी.” त्याने पट्टीची घडी घातली. “जाऊ दे. तठे कोन वाचस?”

“तठे बी दुकानवाला आपलाच शेतस. गुजराती शेतस. त्या वाचतीन.”

माल दुपारी ट्रकने बंदराकडे निघणार होता. माझी शाळा दुपारची. मी निरोप पाठवून रजा घेतली आणि त्याच्याबरोबर बसमध्ये बसलो. चलथाण गाव मागे पडले. मग तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, “सांगं ते टेबल जाई.”

मी त्याला सांग म्हणालो नाही आणि सांगू नको असेही म्हणालो नाही.

ट्रक फाटकाच्या आत उभा होता. निम्म्याहून जास्त गाठोडी चढली होती. उत्तर प्रदेशातल्या पहारेकऱ्याला मी पट्टी दाखवून विचारले, काय लिहिले आहे. त्याने नीट बघितले. “भारत. और क्या?” डोळा सवयीने वाचतो. छापणाऱ्यांनी, घड्या घालणाऱ्यांनी, शेठनी, सगळ्यांनी तो शब्द हजारदा पाहून ‘भारत’च वाचला होता. माझा डोळा मुलांच्या वह्या तपासून बिघडलेला, म्हणून मला दिसले.

म्हणजे दादा गप्प टेबलावर जाऊन बसला असता तरी चालले असते. तो बसलाही. कुंचला उचलला, पाण्यात बुडवला, परत ठेवला. बाहेर ट्रकचा ड्रायव्हर दोऱ्या आवळत होता. मग दादा उठला आणि शेठच्या केबिनकडे चालू लागला. मी मागे.

व्यापारी तिथेच थंड पेय पीत बसला होता. दादाने पट्टी पुढे ठेवून बोट दाखवले. शेठना तीनदा दाखवावे लागले. दिसल्यावर ते आधी हसले. मग त्यांचा चेहरा बदलला.

“अक्षर तमारा, ने तमने ज नथी आवडता?” म्हणजे अक्षरे तुमची, आणि तुम्हालाच येत नाहीत?

दाराशी कारकून उभा होता. उधन्याचाच, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

“किसने लिखा ये?” शेठनी विचारले.

मला दोन उत्तरे देता येत होती. मी लिहिले आणि बरोबर लिहिले, हे एक. त्याने दादा अडकला असता. मी लिहिले आणि चुकीचे लिहिले, हे दुसरे. मग दादाचा दोष उरत नव्हता. मास्तरने दिले तसे त्याने उतरवले, एवढेच झाले असते. दुसरे उत्तर माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण मराठीच्या मास्तरला ‘भ’ येत नाही, हे त्या कारकुनासमोर माझ्याच्याने म्हणवेना.

“मैंने लिखा, सेठ,” दादा म्हणाला.

व्यापाऱ्याने विचारले, नवीन शब्दाचा अर्थ काय. कारकुनाने मूठ वळून दाखवले. व्यापारी खूश झाला. “मारता? तो अच्छा है! हीरो भी तो मारता है!”

शेठना ते चालणार नव्हते. ट्रकमधली गाठोडी उतरवली. दोन दिवस खपून सगळ्या किनारीवर काळा पट्टा छापला, आणि कापड कुठल्याच देशाचे नाव न घेता बोटीवर चढले. दादाला त्याच दुपारी कापड धुण्याच्या हौदांवर पाठवले.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, “तुन्हं अक्षर चांगलं व्हतं, भो.” एवढेच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. हौदांवर त्याने सतरा वर्षे काढली. बोटांची सालपटे निघत. वहिनी खोबरेल लावून द्यायच्या.

दादाला जाऊन आठ महिने झाले. वहिनी आणि मी अजून त्याच घरात राहतो. दिवसकार्याला कारखान्यातले जुने लोक आले होते, तेव्हा दादाच्या मुलांनी त्यांच्याकडून ऐकले की वडिलांनी देशाचे नाव चुकीचे लिहिले होते. ते लिहून मी दिले होते, हे मी त्यांना सांगितलेले नाही.