वायरिंग झेपणार नाही

वैशाखात, एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास निर्मला गेली. ऑक्सिजनचं मशीन बंद करायला मी उठलो, आणि सवयीनं आधी कूलर बंद आहे का ते पाहिलं. तो बंदच होता.

त्या कूलरबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. तेराव्याला आलेल्या माणसांशी नाही, तिच्या मैत्रिणींशी नाही. तिच्याशीही नाही — आणि बोलायचं होतं ते खरं तर तिच्याशीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित लिहिता येतंय. पण सुरुवात कूलरपासून करता येत नाही. आम्ही न घेतलेल्या एका गाडीपासून करावी लागते.

मी अमळनेरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निर्मला, माझी बायको, प्राथमिक शाळेत शिकवायची. आम्हाला मूल नाही. निवृत्त झाल्यावर जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी दोघंच. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी मी वाचायचो — फ्रिज असो, पाण्याची मोटर असो. वहीत लिहून काढायचो. निर्मला ती वही वाचायची आणि म्हणायची, ‘तुम्ही बघितलंय ना, मग झालं.’ चाळीस वर्षांत तिनं त्या वहीवर एकदाही शंका घेतली नाही.

तिचे वडील — आबा — शिंदखेड्याला एकटे राहायचे. दर शनिवारी ती त्यांच्याकडे जायची, एसटीनं, अमळनेरला गाडी बदलून. संध्याकाळी परत यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे. एक दिवस तिनं गाडी शिकायचं ठरवलं. एकोणसाठाव्या वर्षी. कॉलनीतल्या बायका हसल्या, मीही हसलो. महिनाभरात तिला लायसन्स मिळालं. आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘सायकल मी शिकाडी तुले, आते गाडीमा माले बसाड.’ गावात कुणाची मुलगी सायकलवर बसत नव्हती तेव्हा त्यांनी तिला शिकवली होती. आता त्यांना तिच्या गाडीत बसायचं होतं.

मग मी वही उघडली.

नुसती चार्जवर चालणारी गाडी मी लगेच खोडली. शिंदखेड्याला लाईटचा भरवसा नाही, वाटेत कुठं अडकलो तर? नुसत्या पेट्रोलचा दर आठवड्याला खर्च जड. मग एक लहान गाडी सापडली — दोन्हीवर चालणारी. घरी प्लग लावून चार्ज करायची. चार्ज संपला की आपोआप पेट्रोलवर. आणि किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली. मी हिशेब मांडला. एसी लावून धरणगावपर्यंत चार्जवर, पुढं पेट्रोल. आबांकडं चार-पाच तास प्लगला लावली की येताना पुन्हा तेवढंच. लाईट नसली तरी घरी परत येणं अडत नाही. डिकी लहान, कारण खाली बॅटरी. मागच्या सीटवर तिघं बसले तर दाटी — पण आम्ही सगळे मिळून तिघंच. आबा पुढं, मी मागं. वहीत मी असंच लिहिलं होतं. ‘आबा पुढे.’

चालवून बघायला आम्हाला धुळ्याला जावं लागलं. शोरूममधला तरुण सगळं मलाच समजावत होता. चावी मात्र निर्मलानं घेतली. गाडी हायवेला लागेपर्यंत आवाज नव्हता. चढावर इंजिन सुरू झालं तेव्हा पायाखाली थोडी थरथर जाणवली, एवढंच. मी मागं बसलो होतो. तो मुलगा वळून म्हणाला, ‘सर, तुम्ही नाही का चालवून बघणार?’ माझ्याआधी निर्मलाच बोलली. ‘ते वाचतात. चालवते मी.’ दोघं हसले. आरशात तिचा चेहरा दिसत होता. साडीचा पदर खोचलेला, डोळे रस्त्यावर. एवढ्या वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता — किंवा तो मला कधी दाखवायची वेळ आली नव्हती. मला काय झालं? राग नव्हता तो. भीतीच म्हणायला हवी. ही बाई आता कुठंही जाऊ शकते, आणि मी मागच्या सीटवर, असं काहीतरी. साठी उलटलेल्या माणसानं असं घाबरावं का? मी घाबरलो. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसून गाडीच्या रंगाबद्दल बोलत होती. मी हूं हूं करत होतो.

राहिलं होतं फक्त घरचं चार्जिंग. तेवढं बघायला मी लाईटचं काम करणाऱ्या गुलाब मिस्त्रींना बोलावलं. निर्मला पेन्शनच्या कामाला बँकेत गेली होती. मिस्त्रींनी मीटर पाहिला, बोर्ड उघडला, पोर्चमध्ये फिरले. म्हणाले, ‘वायर चांगली शे सर, काही भ्या नका. मीटरपासून वेगळी लाईन ओढू, प्लग जाडा बसवू. अर्थिंग तेवढं सुकेल शे, नवा खड्डा करू, मीठ-कोळसा टाकू. बठ्ठं काम दोन दिनमा हुई जाई.’ आणि जाताना चेष्टेनं, ‘गाडी मॅडम चालवणार ना? मग अर्थिंगले पाणी तुम्ही घालज्या, सर.’

अर्थिंगच्या खड्ड्याला अधूनमधून पाणी घालावं लागतं; चेष्टा साधी होती. माणूस भला होता. मी त्यांना चहाही दिला.

निर्मला आली. चप्पल काढता काढता विचारलं, ‘काय म्हणाले?’ आणि मी म्हणालो — हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता लिहिताना हात थांबत नाही — मी म्हणालो, ‘वायरिंग झेपणार नाही. जुनं आहे. आत्ताच लोड जास्त आहे म्हणाले, कधीतरी पेट घेईल.’

ती दारात थांबली. ‘दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायचं का?’

‘मी वाचलंय त्याबद्दल,’ मी म्हणालो.

‘मग राहू द्या.’

एवढंच झालं. तिनं वाद घातला असता, तर मी कदाचित खरं सांगितलं असतं. असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण जिनं कधी शंकाच घेतली नाही, तिनं त्याच दिवशी का घ्यावी?

आबा त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. अंथरुणाला खिळायच्या आधी दोन-तीनदा त्यांनी विचारलं, ‘गाडी कव्हय येई?’ निर्मला त्यांना म्हणायची, ‘आबा, आमचं घर जुनं शे.’ ते मान हलवायचे. लायसन्स तिनं कपाटात, तिच्या शाळेच्या कागदांखाली ठेवून दिलं.

मला वाटलं, गाडीबरोबर ते खोटंही संपलं. तसं झालं नाही. ते घरात राहायला आलं.

निर्मला त्या दिवसापासून घराच्या भिंतींना घाबरायला लागली. गीझर लावला की इस्त्री नाही. मिक्सर लावायचा तर कूलर बंद. इस्त्री करताना पायात रबरी चपला. बाहेर जाताना मेन स्विच पाडायची, परत आल्यावर आधी बोर्डाला हात लावून बघायची — गरम आहे का. जळगावचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. त्या उन्हाळ्यात ती चटणी वाटायला उठायची, कूलर बंद करायची, मिक्सर फिरवायची, पुन्हा कूलर लावायची. कपाळावरून घाम वाहायचा. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलेला. एकदा मी विसरून दोन्ही लावलं, तर स्वयंपाकघरातून धावत आली. ‘अहो, घर जाळाल.’ मी ‘सॉरी’ म्हणालो. मी सॉरी म्हणालो, आणि ते कशाबद्दल होतं ते तिला सांगितलं नाही.

मग तिची फुप्फुसं आखडायला लागली. यावर औषध फारसं नाही, डॉक्टर म्हणाले. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते दिवसभर भिंतीच्या प्लगला लावलेलं, त्याची घरघर सतत. पहिल्या दिवशी मी कूलर लावायला गेलो, तर तिनं हात वर केला. नळी नाकात होती, बोलायला त्रास व्हायचा. ‘मशीन चालू आहे ना,’ ती म्हणाली. ‘दोन्ही नको.’

मी म्हणालो, ‘काही होत नाही.’

‘तुम्हीच सांगितलं होतं.’

तेव्हा एका वाक्याचं काम होतं. पलंगाजवळ स्टूल होतं, मी त्यावर बसलो, तोंडही उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं — थकलेली, पण अगदी विश्वासानं. मी उठलो आणि पंचा ओला करून आणला. महिनाभर मी ओले पंचे बदलत राहिलो, पुठ्ठ्यानं वारा घालत राहिलो. शेजारचे म्हणायचे, सर किती करतात वहिनींचं.

कूलर लावला असता तर ती वाचली असती का? नाही. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण तिचा गाऊन पाठीला चिकटला नसता. शेवटचा महिना तिनं उकाड्यात काढला, आणि तो उकाडा माझा होता.

जाण्याच्या तीन-चार दिवस आधी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आबांबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, ‘माझ्यामागं आधी वायरिंग बदलून घ्या. तुम्ही वाचत बसता, तुमचं लक्ष नसतं. एकटे असाल.’

मी ‘हो’ म्हणालो. तेव्हाही.

तेरावं झाल्यावर गुलाब मिस्त्रींना बोलावलं. का, ते नीट सांगता येत नाही. तिनं सांगितलेलं काहीतरी करायचं होतं. त्यांनी बोर्ड उघडला, पुन्हा सगळं पाहिलं, आणि म्हणाले, ‘सर, मी तव्हयच सांगेल व्हतं ना. हाई वायर अजून वीस वरीस काई व्हत नही.’ मग इकडंतिकडं बघून विचारलं, ‘मॅडमनी गाडी घिदी नही का मंग?’

मी नाही म्हणालो. त्यांना चहा दिला.

वही आहे. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात ‘आबा पुढे’ आहे, त्याखाली ‘घरचे चार्जिंग’ असं लिहून पुढची ओळ कोरी. लायसन्स कपाटात आहे. मशीन भाड्याचं होतं, ते परत गेलं. घराचं वायरिंग चांगलं आहे. मिक्सर लावायच्या आधी मी कूलर बंद करतो.