न उचललेलं बोट

आमच्या डॅनर गावात सिनेमा काढायला शहरातून अकरा माणसं आली, तेव्हा अर्ध्या गावाने केस कापून घेतले. ओर्व्हल टीडमनने आपली पिकअप धुतली. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं काढलेला हा एकाहत्तरीचा विधुर कधी फोटोतसुद्धा धड उभा राहिला नव्हता. पण त्याची एकुलती एक मुलगी लॉर्ना दूर स्पोकेनला होती. नाताळला तिचं दोन ओळींचं कार्ड यायचं, फोन मात्र आठ वर्षांत एकदाही नाही. आपण सिनेमात दिसलो तर ती फोन करेल, एवढीच म्हाताऱ्याची आशा.

काम अगदी किरकोळ होतं. तुरुंगातून सुटलेला एक माणूस बॅग घेऊन गावाकडे चालत येतोय. ओर्व्हलने समोरून गाडी आणायची आणि त्याला ओळख न दाखवता निघून जायचं.

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे समोरून कोणीही आलं की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्यालाही ते मिळतं. न मिळणं म्हणजे तो माणूस आपल्यापुरता मेला. ओर्व्हलचं बोट पहिल्या खेपेला वर गेलं, तसंच सहाव्या खेपेलाही. कुंपणाला टेकून तमाशा बघणारा डेल्बर्ट म्हणाला, की बोटाला चिकटपट्टी लावा, नाहीतर ते बोट तेवढं घरी ठेवून या.

ऊन उतरायला लागलं. दिग्दर्शिका मिरियम, पंचविशीची पोर, गाडीच्या खिडकीशी आली.

"काका, ज्याला तुम्ही बोटसुद्धा दाखवणार नाही, असं एक माणूस आठवा."

असं माणूस गावात नव्हतं. गाडी वळवताना मात्र ओर्व्हलला आठवलं. आठ वर्षांपूर्वी आईच्या दफनाला लॉर्ना दोन तास उशिरा पोचली होती. तो दफनभूमीतून परतत होता, ती समोरून येत होती. तिने बोट वर केलं. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि सरळ बघत निघून गेला. ती घरी न येताच परत गेली. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

सातव्या खेपेला बोट हललं नाही.

वर्षभराने चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. ओर्व्हल जेमतेम सात सेकंद दिसला, तरी टाळ्या पडल्या. अभिनय असावा तर असा, असं डेल्बर्ट चारचौघांत म्हणाला. लॉर्नाला कळवावं की नको, यात ओर्व्हलचे चार दिवस गेले. शेवटी न राहवून त्याने पत्र टाकलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला.

"पाहिला सिनेमा," लॉर्ना म्हणाली. "बाबा, उशीर झाला याची मला लाज वाटत होती, म्हणून कधी फोन केला नाही. पण काचेवर ऊन असेल, तुम्ही मला ओळखलंच नसेल, असं मी नऊ वर्षं स्वतःला समजावत आले. सिनेमात तुमचा तोच चेहरा दिसला. ओळखलं होतंत ना?"

तो अभिनय होता, असं सांगता आलं असतं. सगळं गाव तेच म्हणत होतं.

"ओळखलं होतं, पोरी," ओर्व्हल म्हणाला. "फार चुकलं माझं."



"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ओर्व्हल रिसीव्हर कानाशी धरून उभा राहिला, ती आणखी काही बोलेल म्हणून.