सगळी विमानं परत आली

दुपारी बेल वाजली तेव्हा सई किल्ली विसरली असणार, असंच मला वाटलं. रेवा आत झोपली होती, म्हणून मी धावतच दार उघडलं. समोर गणवेशातले दोघे उभे होते. मी आयुष्यभर नर्सचं काम केलंय. अशी बातमी सांगण्याआधी माणूस श्वास कसा घेतो, ते मला ठाऊक आहे. त्यातल्या एकाने तो तसा घेतला, आणि मी म्हणाले, "नको, बोलू नका..."

सई माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची असताना तिची आई गेली आणि ती जर्सी सिटीत माझ्याकडे आली. आमच्या ओळखीतली मुलं कॉम्प्युटर नाहीतर मेडिकलला गेली. ही अठराव्या वर्षी हवाई दलात भरती झाली आणि बॉम्बर विमानांची मेकॅनिक झाली. मी रडले तेव्हा म्हणाली, "मावशी, मी उडणार नाहीये. आय फिक्स थिंग्ज." मलाही तेवढ्यावर हायसं वाटलं. जमिनीवर राहणाऱ्याला काय होणार?

युद्ध सुरू झालं तेव्हा तिचा फोन आला. घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं, तिची मुलगी रेवा चार वर्षांची. "येशील? मला रोज बारा तासांची शिफ्ट लागलीय." मी दुसऱ्या दिवशी निघाले. गव्हाच्या शेतांमधलं गाव, सरळसोट रस्ते आणि वीस मैलांवर हवाई तळ. तिथून उडालेली विमानं अर्धं जग ओलांडून बॉम्ब टाकत आणि दीड दिवसाने परतत. हवेतच इंधन भरत, आत वैमानिक आळीपाळीने झोपत. सईकडे एका विमानाची सगळी जबाबदारी होती. "विमान माझं आहे, पायलट फक्त उसनं घेऊन जातात," असं ती हसून सांगायची. विमान ठीक आहे अशी तिची सही झाल्याशिवाय ते हलत नसे. ते उडालं की तिने झोपायला हवं होतं, पण ती झोपायची नाही. उभ्याउभ्या पोळीचा रोल खायची, रेवाला मांडीवर घ्यायची आणि नजर घड्याळाकडे. विमान उतरलं की तिची टीम पुन्हा चाकं, इंजिनं, गळती तपासायला लागायची, कारण पुढच्या फेरीसाठी ते लगेच हवं असायचं. माणसं कमी होती. तिच्या हाताखालचे दोघे आजारी पडले, त्यांचंही काम हीच करत होती.

एकदा टीव्हीवर एक पडलेली इमारत दाखवत होते. ढिगाऱ्यावर एक बाई दोन्ही हातांनी विटा बाजूला करत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सई, हे तुमच्याच विमानांनी..." तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मला नाही विचारायचं, मावशी. प्लीज. मी फक्त त्यांना घरी आणते." त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. आता वाटतं, काढायला हवा होता. निदान तिला रडता तरी आलं असतं.

सलग एकोणीस दिवस सुट्टी नव्हती. "रजा माग," मी हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, "विमान बाहेर आहे गं. ते येऊ दे, मग." शेवटच्या दिवशी दुपारी साडेबाराला तिने फोन केला. आवाज जड, शब्द एकमेकांत मिसळत होते. मी म्हटलं, "तिथेच थांब. मी घ्यायला येते."

"रेवा झोपलीय ना? नको उठवूस. ट्वेंटी मिनिट्स, मावशी."

आणि मी तिचं ऐकलं. पेशंटचा असा आवाज ऐकून मी धावत डॉक्टरांना बोलावलं असतं. पण मी "बरं, सावकाश ये" म्हणाले आणि भात लावला. लख्ख उन्हात, रिकाम्या रस्त्यावर तिला झोप लागली. गाडी धान्याच्या ट्रकवर आदळली. युद्धात गेलेल्यांमध्ये तिची गणती नाही. कागदावर तो रस्ता-अपघात आहे.

तिचं विमान दुसऱ्या दिवशी उतरलं. आठवड्याने त्याचा पायलट घरी आला. तिशीतला असेल, टोपी हातात चुरगाळत होता. उतरल्यावर खाली सईऐवजी वेगळाच चेहरा दिसला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं, म्हणाला. मग मला धीर द्यायला म्हणून म्हणाला, "तिच्यामुळे आमची सगळी माणसं परत आली."

"सगळी?" मी विचारलं.

त्याचा राग करावा तर तोही कोणाचा तरी मुलगा... कोणाचा राग करावा तेच मला कळत नाही.

रेवा आता माझ्याजवळ जर्सी सिटीत असते. शाळेत सोडण्याआधी सई रोज तिच्याभोवती एक फेरी मारायची. बुटांच्या लेस, जॅकेटची चेन, दप्तर, नाक, सगळ्याला हात लावून "ऑल गुड, गो!" म्हणायची. काल मी खाली लाँड्रीत जायला निघाले, तर रेवा माझ्याभोवती तशीच फिरली. गुडघे चाचपले, चपला पाहिल्या, गाऊनचं बटण लावलं. मी वाट पाहत उभी राहिले. ती "गो" म्हणाली नाही. तिने माझा गाऊन दोन्ही मुठींत धरला आणि परत पहिल्यापासून तपासायला लागली.